उपेक्षित वाद्यांचा कैवारी : पॉल क्रेस्टन

१९४० सालच्या एप्रिल महिन्याची २९ तारीख. न्यूयॉर्कच्या विख्यात कार्नेगी हॉलच्या वास्तूत जे छोटेखानी सभागृह आहे, तेथे त्या दिवशी एक मैफल झाली. वाद्यवृंद संपूर्णपणे स्त्रियांचा, त्याचे संचालन करणारी स्त्री आणि वाद्यवृंदापुढे एकल वादनासाठी उभी राहिलेली कलावंतही स्त्रीच. तिच्यासमोर पियानो नव्हता की हातात व्हायोलिन नव्हते. लांबलचक चौकटीवर ओळीने मांडलेल्या लाकडी पट्ट्या आणि त्या वाजविण्यासाठी टोकाला गोळे बसविलेल्या काठ्या, एवढाच तिचा सरंजाम होता. त्या वाद्याचे नाव मरिंबा. या वाद्यासाठी लिहिला गेलेला पहिला कॉन्चर्टो म्हणून पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात जिची नोंद केली जाते, ती ‘कॉन्चर्टिनो फॉर मरिंबा अँड ऑर्केस्ट्रा’ ही रचना त्या दिवशी प्रथम सादर झाली. रचनाकार होता ३३ वर्षांचा पॉल क्रेस्टन.

विसाव्या शतकाच्या पाचव्या व सहाव्या दशकांत क्रेस्टनचे नाव अमेरिकेत सर्वतोमुखी होते. ज्या मोजक्या अमेरिकन संगीतकारांच्या रचना तेथील मोठे वाद्यवृंद वारंवार सादर करीत, त्यांत त्याची गणना होई. तोस्कानिनी, ऑर्मंडी यांच्यासारख्या दिग्गज संचालकांनी त्याचे संगीत हाताळले. पुढे काळ असा पालटला, की सहा सिंफनी लिहिणाऱ्या या रचनाकाराचे नाव सिंफनी वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपत्रिकांतून जवळजवळ पुसले गेले. मात्र जगात जेथे जेथे मरिंबाचे गंभीरपणे शिक्षण दिले जाते, तेथे तेथे विद्यार्थ्याला आजही कधी ना कधी क्रेस्टनच्या दारावरून जावेच लागते. ज्या दालनात त्याने मानाचे आसन मिळविले होते तेथे तो विस्मृतीत गेला आणि ज्या वाद्यांना त्या दालनात प्रवेशच नव्हता, त्या वाद्यांनी त्याला जिवंत ठेवले. त्याच्या आयुष्याची कहाणी समजून घ्यायची ती या विसंगतीसाठी.

क्रेस्टनचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्याचे मूळ नाव ज्युसेप्पे गुट्टोवेज्जो. आईवडील सिसिलीहून पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले. वडील घरे रंगविण्याचे काम करीत. कलेच्या शिक्षणावर खर्च करण्याची ऐपत अशा घरात कोठून असणार? तरीही मुलाची ओढ पाहून त्याला पियानोची शिकवणी लावण्यात आली. पुढे गॅस्टन देथिए या शिक्षकाकडे पियानोचे आणि पिएत्रो योन या नामवंत वादकाकडे ऑर्गनचे धडे त्याने घेतले. पण संगीतरचना, स्वरसंवाद, वाद्यवृंदलेखन हे विषय त्याला कोणीही शिकविले नाहीत. बाख, स्कार्लात्ती, शोपँ, देब्युसी आणि राव्हेल यांच्या रचनांच्या संहिता हेच त्याचे गुरुकुल. आपल्या परंपरेतील एकलव्याची आठवण यावी अशी ही साधना होती. फरक एवढाच, की या एकलव्याला गुरुदक्षिणा मागायला कोणी आले नाही.

घरची ओढगस्त एवढी की पंधराव्या वर्षीच त्याला शाळा सोडावी लागली. प्रथम निरोप्या पोऱ्या, मग बँकेत कारकून, त्यानंतर विमा कंपनीत दावे तपासणारा कर्मचारी अशी त्याची उमेदवारी झाली. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास हा त्याचा शिरस्ता होता. १९२६ पासून सुमारे तीन वर्षे त्याने मूकपटांच्या चित्रपटगृहात ऑर्गन वाजविला. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की लय चढवायची, विरहाचा प्रसंग आला की सूर लांबवायचे, असे ते काम. बोलपट आले आणि या वादकांचा रोजगार बुडाला. परंतु तेथे हात आणि कान यांना जी तालीम मिळाली ती वाया गेली नाही. पुढे १९३४ मध्ये ब्रॉडवेच्या नाट्यगृहांच्या परिसरातील सेंट मॅलकीज चर्चमध्ये त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षे, त्याने ती सांभाळली.

नावाची कथाही गमतीची आहे. शाळेतील एका नाटकात त्याने क्रेस्पिनो नावाच्या पात्राची भूमिका केली होती. मित्रांनी त्याचा संक्षेप ‘क्रेस’ असा केला. त्यावरून ‘क्रेस्टन’ हे आडनाव घडले आणि त्याच्या जोडीला ‘पॉल’ हे नाव त्याने स्वतःच्या पसंतीने घेतले. जसे संगीताचे शिक्षण, तसेच नावही स्वकष्टार्जित! १९२७ मध्ये त्याचा विवाह लुईझ गॉटो हिच्याशी झाला. ती नर्तकी होती आणि आधुनिक नृत्याच्या क्षेत्रात युगप्रवर्तक ठरलेल्या मार्था ग्रॅहॅमच्या संचात तिने काम केले होते. क्रेस्टनच्या संगीतात नृत्य जे ठाण मांडून बसले आहे, त्याचा या सहजीवनाशी काहीच संबंध नसेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

साहित्य की संगीत, असा पेच त्याच्यापुढे बराच काळ होता. रचनाकार व्हायचे हा निर्णय त्याने घेतला तो १९३२ मध्ये, वयाच्या पंचविशीनंतर. मोझार्ट आणि शूबर्ट यांच्या चरित्रांवर पोसलेल्या मनाला हा उशीर फार मोठा वाटेल. पियानोसाठी पाच नृत्ये ही त्याची क्रमांक एकची रचना त्याच वर्षीची. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, नव्या वाटा धुंडाळणाऱ्या संगीतकारांचा मोठा आधार असलेल्या हेन्री कॉवेलने त्याला आपल्या व्यासपीठावर बोलावले. १९३८ मध्ये त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढल्या वर्षी तिची मुदत वाढवूनही मिळाली. पोटासाठी इतरत्र खर्ची पडणारा वेळ आता थोडाफार रचनेला देता येणार होता.

या शिष्यवृत्तीच्या अवतीभवतीच्या काळात त्याच्या हातून लागोपाठ तीन महत्त्वाच्या रचना झाल्या. त्यांचे क्रमांक पाहण्यासारखे आहेत. क्रमांक १९ सॅक्सोफोन व पियानोसाठी सोनाटा, क्रमांक २० पहिली सिंफनी आणि क्रमांक २१ मरिंबासाठी कॉन्चर्टिनो. सिंफनी म्हणजे रचनाकाराच्या प्रतिष्ठेचे शिखर. तिच्या एका बाजूला जाझच्या अड्ड्यांवर रमणारा सॅक्सोफोन आणि दुसऱ्या बाजूला करमणुकीच्या रंगमंचावरची मरिंबा. आपली पहिली सिंफनी लिहिणारा दुसरा कोणी असता तर असल्या संगतीला त्याने नाक मुरडले असते. क्रेस्टन मात्र सेसिल लीसन या सॅक्सोफोनवादकाला स्वतः पियानोवर साथ करीत असे. वाद्याची जात पाहून त्याची योग्यता ठरविणे त्याला मान्यच नव्हते.

मरिंबाची जात मुळात कोणती, हेही येथे सांगायला हवे. लाकडाच्या पट्ट्यांवर आघात करून स्वर काढणे ही कल्पना जगात अनेक ठिकाणी आहे. आपल्याकडे चिनी मातीच्या वाट्यांचे जलतरंग, तसे लाकडी पट्ट्यांचे काष्ठतरंग. मरिंबा हा शब्द आफ्रिकेतील बांटू भाषांतून आलेला आहे. गुलाम म्हणून समुद्रापार नेल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हे वाद्य मध्य अमेरिकेत पोहोचले आणि ग्वाटेमालात ते लोकजीवनाचाच भाग होऊन बसले. आरंभी त्यात शुद्ध स्वरांचीच सोय असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्वाटेमालातील सेबास्तियान उर्तादो याने कोमल-तीव्र स्वरांसह बाराही स्वर देणारी मरिंबा घडविली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात उर्तादो बंधूंनी ती वाजविली आणि अमेरिकेला या वाद्याचे वेड लागले. शिकागोच्या डीगन कंपनीने त्याचे कारखानी उत्पादन केले. भोपळ्यांची किंवा लाकडी पेट्यांची जागा धातूच्या नळ्यांनी घेतली.

या वाद्याच्या गोड, घुमणाऱ्या आवाजामागे साधे पण काटेकोर शास्त्र आहे. पट्ट्या बहुधा मध्य अमेरिकेतील होन्डुरास रोजवुड या कठीण लाकडाच्या असतात. प्रत्येक पट्टीचा तळ मध्यभागी कमानीसारखा कोरून काढलेला असतो. ही कोरणी अशा बेताने केली जाते, की मूळ स्वराबरोबर उमटणारा प्रमुख उपस्वर बरोबर दोन सप्तके वर लागावा. मरिंबाचे भावंड असलेल्या झायलोफोनमध्ये तो त्याहून खाली, वरच्या सप्तकातील पंचमावर लावतात. म्हणून झायलोफोनचा आवाज टणक आणि खणखणीत, तर मरिंबाचा गोलाईदार. पट्टीखाली टांगलेल्या नळीचे खालचे तोंड बंद असते. नळीतील हवेचा स्तंभ त्या पट्टीच्या स्वराशी जुळवलेला असल्याने पट्टीचा क्षीण ध्वनी घुमून मोठा होतो. खर्जाकडे पट्ट्या रुंद आणि नळ्या लांब होत जातात, तारसप्तकाकडे दोन्ही आखूड.

या वाद्याकडे अभिजात संगीताच्या जगाने मात्र नवलाईपलीकडे पाहिले नव्हते. क्लेअर ओमार मसर या उत्साही वादकाने १९३५ मध्ये शंभर मरिंबावादकांचा ताफा उभा केला आणि तो युरोपलाही नेला. प्रेक्षक थक्क झाले. पण शंभर मरिंबांवर जे वाजे, ते प्रामुख्याने इतर वाद्यांसाठी लिहिलेले, उसने घेतलेले संगीत. वादक होते, वाद्य होते, श्रोतेही होते. या वाद्याचे असे स्वतःचे मोठे संगीत तेवढे नव्हते. आणि जोवर एखाद्या वाद्यासाठी खास लिहिलेले संगीत नाही, तोवर पाश्चात्त्य मैफलीत त्याला पाट मिळत नाही.

ही उणीव भरून निघाली ती फ्रेडरिक पेट्रिडीस या जिद्दी स्त्रीमुळे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या या संगीतज्ञ महिलेला वाद्यवृंदाचे संचालन करायचे होते. परंतु त्या काळी अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत स्त्रियांना वादक म्हणूनसुद्धा सहसा घेत नसत. संचालक म्हणून घेणे तर दूरच. तेव्हा तिने १९३० च्या दशकाच्या आरंभी स्वतःच ‘ऑर्केस्ट्रेट क्लासिक’ नावाचा स्त्रियांचा वाद्यवृंद स्थापन केला. संगीतातील स्त्रियांच्या कामगिरीची नोंद घेणारे ‘विमेन इन म्युझिक’ हे पत्रकही ती १९३५ पासून काही वर्षे काढीत असे. पुरुषांचे वाद्यवृंद ज्या परिचित रचना उत्तम वाजवितात त्याच आपणही वाजवून आपला टिकाव लागणार नाही, हे तिने ओळखले होते. त्यामुळे अपरिचित आणि नव्या रचनांवर तिचा भर असे. रूथ स्टुबर ही तिच्या वाद्यवृंदातील टिंपनीवादक मरिंबाही निष्णातपणे वाजवी. तिच्यासाठी एकल वादनाची रचना हवी म्हणून पेट्रिडीसने क्रेस्टनकडे मागणी नोंदविली. दुर्लक्षित वाद्य, डावलल्या गेलेल्या स्त्रिया आणि स्वतःच्या बळावर शिकलेला रचनाकार असा हा योग जुळून आला.

मरिंबासाठी कसबाची कसोटी पाहणारी रचना लिहायची म्हणजे काय, याचा थोडा विचार केल्यावर क्रेस्टनपुढील कामाची अवघडता ध्यानात येते. पहिली अडचण स्वराच्या आयुष्याची. व्हायोलिनचा गज किंवा बासरीची फुंक स्वर हवा तितका वेळ धरून ठेवते. लाकडावर आघात केला की स्वर जन्मतो आणि लगेच विरू लागतो. तो टिकवायचा तर दोन काठ्यांनी त्याच पट्टीवर अतिशय जलद, एकसारखे आघात करीत राहावे लागते. हा उपाय अति केला तर संगीताला कापरे भरल्यासारखे वाटते. दुसरी अडचण अंतराची. त्या काळची मरिंबा साधारण चार सप्तकांची असे. पियानोवादक एका जागी बसतो आणि त्याची बोटे पट्ट्यांना सतत स्पर्श करीत असतात. मरिंबावादक उभा असतो, वाद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत असतो आणि त्याच्या हाताचा वाद्याला प्रत्यक्ष स्पर्श होतच नाही. काठीचे टोक हवेतून उतरते ते अचूक पट्टीवर पडले पाहिजे. त्यात पट्ट्यांची रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणजे एका सप्तकात हाताला झालेली सवय दुसऱ्या सप्तकात दगा देते. नजर खाली पट्ट्यांवर ठेवावी तर संचालक दिसत नाही, वर ठेवावी तर स्वर चुकतो. तिसरी अडचण तोलाची. मरिंबाचा मृदू आवाज वाद्यवृंदाच्या गदारोळात सहज बुडून जातो.

सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेचे तीन भाग आहेत : जोमदार, शांत आणि चपळ. अवघड गोष्टी अवघड दिसाव्यात म्हणून त्यात घातलेल्या नाहीत. वाद्याच्या अंगात जे आहे त्यातूनच त्या निघाल्या आहेत. पहिल्या भागात मरिंबाचा मूळ धर्म, म्हणजे आघात, पुढे येतो. ठसठशीत लयबंध, दोन हातांनी आळीपाळीने केलेल्या द्रुत स्वरमाला आणि लांबलांब उड्या यांनी तो भरलेला आहे. वाद्यवृंद मोजक्या वाद्यांचा ठेवल्यामुळे मरिंबा झाकली जात नाही. अखेरच्या भागात नृत्याची चपळाई आहे आणि वादकाच्या दमाची तेथे खरी परीक्षा होते.

मात्र क्रेस्टनची खरी दृष्टी दिसते ती मधल्या, शांत भागात. येथे त्याने वादकाच्या प्रत्येक हातात दोन अशा एकूण चार काठ्या दिल्या. एका हातातील दोन काठ्यांमधले अंतर बोटांनी कमीजास्त करीत स्वरसंघात वाजवायचे, ते सलग आघातांनी धरून ठेवायचे आणि त्यातून वरची सुरावट गाती ठेवायची, असे हे काम आहे. चार काठ्यांचे तंत्र त्याने शोधलेले नव्हते. वादकांना ते आधीपासून ठाऊक होते. परंतु वाद्यवृंदासमोरच्या गंभीर रचनेत, चमत्कृतीसाठी नव्हे तर भावाच्या आविष्कारासाठी ते योजणे, हे धाडस त्याचे. ज्या वाद्याला स्वर धरून ठेवता येत नाही, त्याला त्याने गायला लावले.

क्रेस्टनच्या लेखी गाणे आणि नाचणे हेच सर्व संगीताचे दोन मूलस्रोत होते. आपल्या शास्त्रकारांनीही गायन, वादन आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटले आहे, त्यामुळे मराठी रसिकाला हा विचार परका वाटू नये. त्याची गाजलेली दुसरी सिंफनी तर या विचाराचेच मूर्त रूप आहे. १९४४ मध्ये लिहिलेल्या या सिंफनीचे चारऐवजी दोनच भाग आहेत. एक गीताचा, दुसरा नृत्याचा. चार वर्षे आधीच्या मरिंबाच्या रचनेत हीच दोन तत्त्वे छोट्या आवाक्यात दिसतात. बाहेरचे दोन भाग नाचतात आणि मधला गातो.

लय हा त्याच्या चिंतनाचा खास विषय होता. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऱ्हिदम’ या ग्रंथात त्याने लयीच्या रचनेचे पाच प्रकार मांडले. त्याचे सार तबला ऐकणाऱ्याला चटकन कळेल. बारा मात्रांचे आवर्तन घ्या. तीन-तीनचे चार खंड पाडले तर ती सम विभागणी. पाच, चार आणि तीन असे खंड पाडले तर ती विषम विभागणी. तीन-तीन मात्रांची दोन आवर्तने घेऊन त्यांवर दोन-दोनचे तीन खंड पसरले, तर खंड आवर्तनाची सीमा ओलांडतो. ही झाली व्याप्ती. उरलेले दोन प्रकार या तिन्हींच्या मिश्रणातून तयार होतात. त्याच्या समकालीनांपैकी अनेक जण लयीत वैचित्र्य आणण्यासाठी दर ओळीला मात्रासंख्या बदलीत. क्रेस्टनला ते अनावश्यक वाटे. मात्रांचा साचा कायम ठेवायचा आणि आतले वजन हलवून श्रोत्याला चकवायचे, ही त्याची रीत. आघातावर जगणाऱ्या मरिंबाला अशी लयकारी मानवली नसती तरच नवल.

कॉन्चर्टिनोनंतरची पंधरा-वीस वर्षे क्रेस्टनच्या उत्कर्षाची होती. पहिल्या सिंफनीला न्यूयॉर्कच्या संगीतसमीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला. दुसरी सिंफनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने १९४५ मध्ये सादर केली. ग्रेगोरियन या प्राचीन ख्रिस्ती स्तोत्रगायनातील सुरावटींवर आधारलेली तिसरी सिंफनी १९५० मधली. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीसाठीही त्याने विपुल लिहिले. या यशाच्या ऐन भरात त्याने वळचणीच्या वाद्यांकडे पाठ फिरविली नाही, हे विशेष. सॅक्सोफोनसाठी कॉन्चर्टो, हार्प व वाद्यवृंदासाठी काव्य, ट्रॉम्बोनसाठी फँटसी आणि चक्क अकॉर्डियनसाठी कॉन्चर्टो अशा रचना त्याने केल्या. शाळा-महाविद्यालयांतील वातवाद्यांच्या वृंदांसाठीही त्याने हात राखून लिहिले नाही. शिकवतानाही त्याचा हाच बाणा असे. पुढे विख्यात झालेला संगीतकार जॉन कोरिलियानो हा त्याचा शिष्य.

साठच्या दशकात वारे फिरले. अमेरिकेतील विद्यापीठीय संगीतविश्वावर बारा स्वरांच्या गणिती मांडणीचा आणि नाना प्रयोगांचा प्रभाव वाढला. सुरावट, स्वरसंवाद आणि नाचती लय यांवर निष्ठा ठेवणारा क्रेस्टन जुनाट ठरविला गेला. ज्या वाद्यवृंदांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांच्या कार्यक्रमांतून तो हळूहळू दिसेनासा झाला. आपली भूमिका त्याने बदलली नाही. १९६८ मध्ये न्यूयॉर्क सोडून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्ग या गावी एका महाविद्यालयात शिकवू लागला. १९७५ मध्ये निवृत्त होऊन कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परिसरात स्थायिक झाला. लेखन अखेरपर्यंत सुरू होते. सहावी सिंफनी, ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठीची, १९८२ मध्ये वॉशिंग्टन शहरात सादर झाली. २४ ऑगस्ट १९८५ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. नव्वदच्या दशकात जेरार्ड श्वार्ट्झ यांच्यासारख्या संचालकांनी त्याच्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. मात्र मैफलींतले गमावलेले स्थान त्यांना परत मिळाले असे म्हणता येत नाही.

मरिंबाची वाटचाल मात्र याच्या उलट दिशेने झाली. क्रेस्टनच्या रचनेनंतर सात वर्षांनी, १९४७ मध्ये, दारियूस मिलो या फ्रेंच संगीतकाराने मरिंबा आणि व्हायब्राफोनसाठी कॉन्चर्टो लिहिला. त्यानंतर रॉबर्ट कुर्का याने व्हिडा चेनोवेथ या वादक तरुणीसाठी आणखी एक लिहिला. या चेनोवेथने १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये केवळ मरिंबावादनाची मैफल केली होती. जपानमध्ये तर महायुद्धानंतर अमेरिकी धर्मप्रसारकाने नेलेल्या मरिंबांनी नवेच पर्व सुरू केले. केइको आबे या वादक महिलेने १९६८ मध्ये टोकियोत खास नव्या जपानी रचनांची मैफल केली. मिनोरू मिकी याची ‘टाइम फॉर मरिंबा’ ही साथीविना एकट्या मरिंबासाठी असलेली रचना त्यातलीच. पुढे आबेच्या आग्रहातून आणि सहकार्यातून यामाहा कंपनीने पाच सप्तकांची मरिंबा विकसित केली. आज या वाद्यासाठी उपलब्ध असलेल्या रचनांचे भांडार मोठे आहे. त्यातील अनेक रचना तंत्राच्या दृष्टीने क्रेस्टनला केव्हाच मागे टाकून गेल्या आहेत. सहा काठ्यांनी वाजविणारे वादकही आहेत.

तरीही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षांत आणि स्पर्धांत १९४० ची ही रचना वाजत असते. विद्यार्थी तिच्याकडे वळतो तेव्हा त्याला कठीण उड्या आणि चार काठ्यांचे स्वरसंघात दिसतात. ते बसविता बसविता त्याच्या लक्षात येते की खरे आव्हान मधल्या शांत भागाचे आहे. पट्ट्यांवर काठ्या अचूक पडणे हे सरावाचे काम. त्या काठ्यांतून गळ्यातल्यासारखी सुरावट निघणे ही साधना. रचनाकाराने वाद्याला कमी लेखले असते, तर त्याने फक्त वेग मागितला असता. क्रेस्टनने त्याच्याकडे गाणेही मागितले.

क्रमांक १९, २० आणि २१ या तीन रचनांकडे आता पुन्हा पाहिले म्हणजे काळाचा न्याय किती चमत्कारिक असतो ते कळते. मधली सिंफनी, जिला पुरस्कार मिळाला, ती आज क्वचितच कानी पडते. तिच्या दोन्ही बाजूंच्या धाकट्या रचना मात्र जगभरचे सॅक्सोफोनवादक आणि मरिंबावादक पिढ्यान् पिढ्या वाजवीत आले आहेत. व्हायोलिन किंवा पियानो यांच्या दारी रचनाकारांची रांगच असते. तेथे एखादा विसरला गेला तर त्या वाद्यांचे काही अडत नाही. ज्या वाद्याकडे कोणी फिरकत नव्हते, त्याच्याकडे जो पहिल्यांदा पूर्ण आदराने गेला, त्याला ते वाद्य विसरत नाही. सिसिलीतून आलेल्या रंगाऱ्याच्या मुलाने, ज्याला स्वतःलाच संगीताच्या प्रतिष्ठित दालनात मागल्या दाराने यावे लागले, मरिंबासाठी पुढचे दार उघडून दिले. त्या दाराने आत आलेल्या वाद्यानेच त्याचे नाव राखले.